संगणकाचं घड्याळ रोज मागे जातंय, 'सिंक नाऊ' दाबलं की एरर. कोकणात अजून कुणाला हा त्रास?

सेवाकेंद्र_गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पेन्शनवाल्यांचं जीवन प्रमाण अशी कामं चालतात. दोन डेस्कटॉप आहेत, दोन्हीवर विंडोज १०.

मोठ्या मशीनचं घड्याळ पाऊस सुरू झाल्यापासून बिघडलंय. रात्री मेन स्विच बंद करून घरी जातो. सकाळी चालू केलं की तारीख १ जानेवारी २०१९. ब्राउझर उघडला की प्रत्येक साइटवर 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' आणि खाली 'तुमचं घड्याळ मागे आहे'. सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं तर सिंक्रोनायझेशन फेल. सर्व्हर टाइम.विंडोज.कॉम होता, तो बदलून टाइम.निस्ट.गव्ह टाकला. तोच एरर. नेट चालू आहे, फोनवर सगळं उघडतं. शेवटी रोज हाताने वेळ लावून काम सुरू करतो.

परवा मदतनीस मुलाने भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावली. आमच्याकडे ते एसटी चुकू नये म्हणून पुढे ठेवलेलं असतं. एका आजींचं बोट स्कॅन केलं तर आधारचा ५६२ एरर. बोट पुसून पुन्हा केलं, पुन्हा ५६२. बोटाच्या रेषा झिजल्या, आता पेन्शन बंद होणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. भर पावसात वरच्या वाडीतून चालत आल्या होत्या. मला ते फार लागलं. कुणी तरी हे मुळापासून समजावून सांगा, नुसता 'हा सर्व्हर टाक, तो टाक' असा उपाय नको.

माडाखाली

आमच्या श्रीवर्धनच्या शाळेतल्या लॅबमध्ये हे अगदी असंच पाहिलंय. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर आमच्याकडे बरेच दिवस लाईट नव्हती. लाईट आल्यावर एकेक मशीन चालू केलं तर जुन्यातल्या बऱ्याच पीसींच्या तारखा मूळपदावर गेलेल्या. मदरबोर्डवरचा सेल बदलला आणि प्रश्न मिटला. तुमचाही सेलच असणार.

देवगड_पवनचक्की

सेल गेला तर तारीख जाईल हे पटलं. पण सिंक का होत नाही? इंटरनेटवरून वेळ घ्यायची तर आतल्या सेलचा काय संबंध? मला वाटतं सर्व्हरच डाऊन असेल. समय१.एनआयसी.इन टाकून बघा.

भगवती_बंदर

रत्नागिरीत दुरुस्तीचं आणि नेटवर्कचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सर्व्हर बदलत बसू नका. आधी घड्याळ किती चुकलंय ते मोजा. बहुतेक वेळा तो आकडाच कारण सांगतो.

फरक वर्षांचा असेल तर सेल गेलाय. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर कुठे तरी यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आणि आपली वेळ यांची गल्लत आहे. बरोबर बारा तासांचा असेल तर हाताने लावताना एएम-पीएम चुकलंय. साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा असेल तर विंडोज नव्याने टाकल्यावर टाइमझोन अमेरिकेच्या पॅसिफिकवर तसाच राहिलाय. त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून हे दोन आकडे. आणि फरक काही सेकंदांचा किंवा दोन-चार मिनिटांचा असेल, तरच खरा सिंकचा प्रश्न आहे असं समजा.

सेवाकेंद्रवाल्यांचा फरक वर्षांचा आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. मशीनला मेनचा करंट मिळत असेल, मग ते शटडाऊन का असेना, तोवर आतलं घड्याळ त्या करंटवर चालतं. मेन स्विच बंद केला किंवा लाईट गेली की सगळा भार सेलवर. तुम्ही रोज रात्री मेन बंद करता, वर पावसाळ्यात लाईट जाणं नेहमीचं, म्हणून सेल लवकर संपतो. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट असते. खाऱ्या दमट हवेने सेलच्या खाचेतली पट्टी गंजते. सेल नवा असूनही तारीख जात असेल तर तिथे पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसते का ते टॉर्च लावून बघा.

आता देवगडकरांचा मुद्दा. तारीख गेली तर सिंकने ती आपोआप यायला हवी, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही, कारण विंडोजच ती वेळ नाकारतं. घरगुती किंवा वर्कग्रुपच्या मशीनवर ही मर्यादा मूळ सेटिंगमध्ये ५४,००० सेकंदांची असते, म्हणजे १५ तास. सर्व्हरने सांगितलेली वेळ आणि मशीनची वेळ यांत त्याहून जास्त अंतर असेल तर टाइम सर्व्हिस म्हणते, एवढा मोठा बदल मी करणार नाही. एक्सपीच्या जमान्यात तर सरळ मेसेज यायचा, की सुरक्षेच्या कारणाने सिंक होऊ शकत नाही, तुमची तारीख जुळत नाही, ती आधी दुरुस्त करा. आताच्या सेटिंगच्या पडद्यावर नुसतं 'फेल' दिसतं, म्हणून लोक सर्व्हरला दोष देतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. फोनवर बघून आजची तारीख, वर्ष आणि अंदाजे वेळ हाताने लावा. टाइमझोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' आहे ना ते बघा. मग 'सिंक नाऊ'. दोन-चार मिनिटं इकडे तिकडे असली तरी हरकत नाही, तेवढं सर्व्हर दुरुस्त करतो.

देवगड_पवनचक्की

अच्छा, म्हणजे मर्यादा आहे. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, जाऊन ती काढूनच टाकली तर? कितीही फरक असला तरी सिंक होईल.

भगवती_बंदर

करता येतं, पण मी कुणाच्याही मशीनवर करत नाही आणि तुम्हीही करू नका. साध्या एनटीपीत, म्हणजे सर्व्हरकडून वेळ घ्यायच्या पद्धतीत, उत्तर खरोखर त्याच सर्व्हरकडून आलं की मधल्या कुणी घुसडलं, याची खातरजमा होत नाही. मर्यादा काढली तर कुणीही तुमचं मशीन पाच वर्षं मागे किंवा पुढे नेऊ शकतो. तारीख मागे गेली की मुदत संपलेली सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी असल्याचे दाखले, ग्राह्य दिसायला लागतात. सेवा केंद्रात लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार होतात. तिथे ही पळवाट नकोच. रोगी सेल आहे, तो बदला.

वेंगुर्ला_कॅम्प

माका वाटलेला नेटच गेला! आमच्याकडे घरच्या पीसीवर हेच झालं होतं, ब्राउझर काहीच उघडेना. तारीख बघायचं सुचलंच नाही कुणाला. राउटरवाल्याला बोलावून ठेवला होता.

एक विचारायचं आहे. सेल घरी बदलता येतो का? तालुक्याला नेऊन आणायचं म्हणजे पावसात दिवस मोडतो.

भगवती_बंदर

येतो. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन सेटिंगच्या पानांचे फोनवर फोटो काढा, खास करून बूटचा क्रम आणि हार्डडिस्कचा मोड. सेल काढल्यावर ती सेटिंग मूळपदावर जातात, आणि डिस्कचा मोड बदलला तर विंडोज चालूच होत नाही. मग लोक म्हणतात, सेल बदलायला गेलो आणि मशीन मेलं.

फोटो झाले की शटडाऊन, मागची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा. खाचेच्या कडेला छोटी क्लिप असते, ती बोटाने बाजूला सारली की सेल वर उडी मारतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पट्टी वाकते. पट्टीवर पूड असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पुसा, पूर्ण वाळू द्या. नवा सेल कोरड्या कपड्यात धरून बसवा, आडव्या खाचेत अधिकची बाजू सहसा वर येते. मल्टिमीटर असेल तर बसवण्याआधी मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. दुकानात बरीच वर्षं पडून असलेले सेलही नवे म्हणून मिळतात.

आणि एक कळकळीने सांगतो. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते, मेलेल्या सेलनेसुद्धा. चिकटपट्टीत दोन्हीकडून गुंडाळून उंच ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

बऱ्याच नव्या लॅपटॉपांमध्ये हा सुटा सेल नसतोच, मोठ्या बॅटरीवरच घड्याळ चालतं. तिथे हे शोधत बसू नका.

चाकरमानी_डोंबिवली

मूळ गाव राजापूर. घरी वडिलांच्या पीसीवर माझा अनुभव बरोबर उलटा आहे. वेळ हाताने लावली की ठीक असते, सिंक केलं की बिघडते! म्हणून मी ऑटोमॅटिक बंदच करून टाकलंय. सर्व्हरच अमेरिकेची वेळ पाठवतो असं दिसतंय. वडील ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड पीसीवरून घेतात, ते मात्र लागत नाहीत.

भगवती_बंदर

हे नीट वाचा, कारण हा प्रकार फार लोकांकडे आहे. सर्व्हर कुठल्याच देशाची वेळ पाठवत नाही. तो फक्त यूटीसी पाठवतो. त्यात साडेपाच तास मिळवायचे की आठ वजा करायचे, हे तुमचं मशीन टाइमझोन बघून ठरवतं.

वडिलांच्या मशीनचा टाइमझोन पॅसिफिक राहिलाय. तुम्ही सकाळचे दहा लावता, पडद्यावर दहा दिसतात. पण मशीनच्या समजुतीने ते तिकडचे दहा आहेत, म्हणजे आतलं यूटीसी साडेतेरा तास पुढे पळालं, उन्हाळा असेल तर साडेबारा. हा फरक १५ तासांच्या आत आहे, त्यामुळे सिंक होतं, यूटीसी दुरुस्त होतं आणि पडद्यावर आदल्या दिवसाची रात्र दिसते. तुम्हाला वाटतं सिंकने बिघडवलं. खरं तर त्याच क्षणी मशीन बरोबर झालेलं असतं. ते सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतात आणि यूटीसीवरून निघतात. पडद्यावरचं घड्याळ बरोबर दिसत असूनही कोड लागत नाहीत, ते यामुळे.

टाइमझोन आपला करा, ऑटोमॅटिक पुन्हा चालू करा, सिंक करा. यापुढे वेळ हाताने लावायची गरज पडायला नको.

चाकरमानी_डोंबिवली

वडिलांना आत्ताच फोनवरून करायला सांगितलं. टाइमझोन खरंच पॅसिफिक निघाला. कोड पहिल्या फटक्यात लागला. मनापासून धन्यवाद. आणखी एक शंका. आमच्या गावात नेट संथ आहे. सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागला तर घड्याळही तेवढं मागे राहणार ना?

भगवती_बंदर

तेवढं नाही. मशीन प्रश्न पाठवतानाची वेळ टिपून ठेवतं, सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची अशा दोन वेळा लिहितो, आणि उत्तर आल्याची चौथी वेळ मशीन टिपतं. या चारांवरून जायला-यायला मिळून किती लागले ते कळतं, आणि निम्मे जायला निम्मे यायला असं धरून हिशेब होतो. समजा एकूण ३०० मिलिसेकंद लागले, तर १५०-१५० धरले जातात. प्रत्यक्षात जायला २५० आणि यायला ५० लागले असतील तर चूक १०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. दाखले काढायला त्याने काही बिघडत नाही. ही सगळी रचना डेव्हिड मिल्स यांची, १९८५ पासून वापरात आहे. नेट संथ आणि बेभरवशाचं असणारच, हे धरूनच त्यांनी ती बांधली.

सेवाकेंद्र_गुहागर

काल सेल बदलला. पट्टीवर खरंच पांढरी पूड होती. तारीख हाताने लावून सिंक केलं, मोठं मशीन लगेच सिंक झालं. रात्रभर मेन बंद होता, सकाळी तारीख-वेळ जागेवर. त्या आजींना निरोप पाठवला, आज त्यांचं जीवन प्रमाण झालंसुद्धा. बोटाच्या रेषा व्यवस्थित आहेत हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

पण लहान मशीनची तारीख बरोबर असूनही सिंक होत नाही. ते चार मिनिटं मागे आहे. आणि ५६२ म्हणजे नक्की काय?

माडाखाली

५६२ म्हणजे बोट घेतल्याची जी वेळ तुमच्या मशीनने पाठवली, ती सर्व्हरच्या वेळेपेक्षा मर्यादेबाहेर पुढची आहे. ५६१ म्हणजे उलट, ती वेळ फार जुनी आहे. दोन्हींचा बोटाशी काही संबंध नाही. हे दोन आकडे कागदावर लिहून स्कॅनरजवळ चिकटवा. ते दिसले की आधी घड्याळ बघायचं, माणसाला परत पाठवायचं नाही.

भगवती_बंदर

लहान मशीनचं बघू. चार मिनिटांचा फरक म्हणजे इथे खरोखर सिंकच बंद पडलंय. आतल्या क्वार्ट्झचं कंपन सेकंदाला ३२,७६८ वेळा होतं आणि दहा लाखांत वीसचा फरक धरला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतात, महिन्याला मिनिटभराच्या आत. म्हणजे चार महिने तरी याला कुणी वेळ सांगितलेली नाही.

कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. इथे उच्चार लिहितोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरं.

डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग /सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली

ही कमांड घड्याळ बदलत नाही, फक्त फरक मोजून दाखवते. वेळेपुढे प्लस दोनशे चाळीस सेकंदांसारखा आकडा आला तर रस्ता मोकळा आहे आणि दोष सर्व्हिसमध्ये आहे. ०एक्स८००७०५बी४ असा एरर आला तर उत्तर पोचत नाही, टाइमआउट होतोय.

सेवाकेंद्र_गुहागर

लहानवर टाइमआउट. मोठ्यावर आकडे येतात. दोन्ही एकाच राउटरवर आहेत.

भगवती_बंदर

छान, म्हणजे राउटर आणि नेट दोन्ही सुटले. लहान मशीनवर विंडोजखेरीज वेगळा अँटिव्हायरस आणि त्याची फायरवॉल आहे का? एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालतं. पोर्ट म्हणजे नेटच्या वाहतुकीचा क्रमांक दिलेला दरवाजा. वेबसाइट वेगळ्या पोर्टवर चालतात, म्हणून साइट उघडतात पण वेळ येत नाही. त्या फायरवॉलमध्ये १२३ यूडीपी बाहेर जाऊ द्या.

दोन्ही मशीनवर टाइमआउट आला असता तर फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून बघायला सांगितलं असतं. हॉटस्पॉटवर चाललं तर अडवणूक राउटरमध्ये किंवा नेट पुरवणाऱ्याकडे असते.

सेवाकेंद्र_गुहागर

होय, फायरवॉल होती. तिची मुदतही संपलेली. ती काढून विंडोजची चालू केली, आता स्ट्रिपचार्टमध्ये आकडे येतात. पण 'सिंक नाऊ' अजून फेल, आणि रीसिंकची कमांड दिली तर 'सर्व्हिस चालू नाही' म्हणते.

भगवती_बंदर

मग सर्व्हिस उठवू. याच क्रमाने, एकेक ओळ:

नेट स्टॉप डब्ल्यू३२टाइम
डब्ल्यू३२टीएम /अनरजिस्टर
डब्ल्यू३२टीएम /रजिस्टर
नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम
डब्ल्यू३२टीएम /रीसिंक

पहिल्या ओळीला ती चालूच नसल्याचं म्हणेल, म्हणू दे. अनरजिस्टर-रजिस्टरने सर्व्हिसची सगळी सेटिंग मूळपदावर येतात, त्यामुळे तुम्ही बदललेला सर्व्हर पुन्हा टाकावा लागेल. नंतर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज टाइम' शोधून स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा. शेवटी डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस. त्यात 'सोर्स'पुढे सर्व्हरचं नाव दिसलं की झालं. 'लोकल सीमॉस क्लॉक' दिसलं तर मशीन अजून स्वतःच्याच घड्याळावर चाललंय.

सेवाकेंद्र_गुहागर

झालं! सोर्सपुढे सर्व्हरचं नाव आहे. दोन्ही मशीन आता फोनशी सेकंदाला जुळतात.

देवगड_पवनचक्की

मग सर्व्हर कुठला ठेवावा? एनआयसीचा, एनपीएलचा की विंडोजचा?

माडाखाली

माझं मत आपल्याकडचा. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनपीएलमध्ये, सीझियमच्या अणुघड्याळांवर राखली जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांनी एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळं जोडायची आहेत. घरच्या पीसीला कुठलाही चांगला सर्व्हर चालतो. फक्त गूगलचा टाकलात तर त्याच्या जोडीला दुसऱ्यांचे टाकू नका. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात अधूनमधून घातलेला जादा सेकंद, गूगलवाले दिवसभरात पसरून घालतात, बाकीचे एका झटक्यात. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला आला होता, पण पुन्हा कधी आला तर त्या दिवशी दोघांत फरक पडेल.

वेंगुर्ला_कॅम्प

मुलाच्या मशीनवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. वर दिलेल्या आकड्यांवरून कळलं की ही यूटीसीची गल्लत, पण दुरुस्त कुठे करायची?

भगवती_बंदर

उबुंटू म्हणजे लिनक्सच. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ अशी कमांड द्या. त्यावर लिनक्स एक इशारा दाखवेल, तो मुख्यतः उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे चालून जातं.

हरणै_बंदर

उशिरा आलो. पीसीचा प्रश्न नाही, पण घड्याळाचाच आहे. आमच्या बोटीवरचा जुना जीपीएस तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतो. जागा मात्र बरोबर दाखवतो. त्यालाही सेलच का?

भगवती_बंदर

सेल असेलच असं नाही. जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा क्रमांक पाठवतात आणि तो १०२३ नंतर पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि नंतर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झालं. जुन्या यंत्राला हे उमगत नाही, ते १०२४ आठवडे, म्हणजे १९ वर्षं आणि सुमारे साडेसात महिने मागची तारीख दाखवतं. काही यंत्रांत तो झटका २०१९ नंतर वेगळ्याच दिवशी बसतो. जागेच्या हिशेबाला याने सहसा बाधा येत नाही, पण भरती-ओहोटीचं कोष्टक त्याच यंत्रात असेल तर त्यावर विसंबू नका, ते चुकीच्या तारखेचं निघेल. छापील कोष्टक घ्या. यंत्राचं मॉडेल आणि आज दिसणारी तारीख इथे टाका. फरक १०२४ आठवड्यांचाच आहे का ते मोजू, आणि असेल तर त्या मॉडेलला नवं सॉफ्टवेअर मिळतं का ते बघू.